विजेच्या मापाची खातरजमा

गेली दोन-तीन वर्षे महाराष्ट्रात वीजमीटरांविषयी जो वाद चालू आहे, त्यात पैसे आधी भरावयाचे की मागाहून, मीटर बसविण्याचे कंत्राट कोणाला मिळाले, सुस्थितीत चालणारा जुना मीटर काढून नेण्याची गरज काय होती, आणि नवा मीटर बसल्यापासून बिलाचा आकडा का चढला, असे अनेक प्रश्न मोर्चांतून, ग्रामसभांतून आणि वृत्तपत्रांच्या वाचकपत्रांतून विचारले गेले. आणि ते सारे रास्त आहेत. परंतु या गदारोळात जो प्रश्न सर्वांच्या आधी विचारला जावयास हवा होता, तो फारसा कोणी नेटाने लावून धरलेला दिसत नाही. आणि तो म्हणजे हा की, हा मीटर वीज मोजतो ती नेमकी कशी, आणि त्याने काढलेला आकडा बरोबर आहे याची खातरजमा करण्याचे साधन सामान्य ग्राहकाच्या हाती काय आहे.

केंद्र सरकारने २०२१ साली वितरण क्षेत्राच्या पुनर्रचनेची जी योजना हाती घेतली, तिच्यात देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसविण्याचा संकल्प होता. आपल्याकडे विरोध वाढल्यावर, २०२४ साली, सामान्य ग्राहकांवर आधी पैसे भरण्याची सक्ती होणार नाही असे राज्य सरकारने जाहीर केले, आणि त्यानंतर टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर या नावाने, बिल मागाहून देण्याच्या पद्धतीचे मीटर घरोघर येऊ लागले. या मीटरांकडे पाहण्याच्या दोनच तऱ्हा लोकांत रूढ झालेल्या आहेत: एक तऱ्हा अशी की, यंत्र संगणकाधिष्ठित असल्यामुळे ते चुकणे शक्य नाही, आणि दुसरी अशी की, मीटर मुद्दामच वेगाने पळविलेला आहे. मला या दोन्ही भूमिका सारख्याच अपुऱ्या वाटतात. इलेक्ट्रॉनिक मीटर हा जुन्या मीटरापेक्षा स्वभावतः कमी प्रामाणिक नाही, किंबहुना योग्य रीतीने घडविला असता तो कितीतरी अधिक सूक्ष्म आहे; तथापि त्याच्या मापनाचे स्वरूपच मुळात पालटलेले आहे, आणि या पालटाची दखल आपल्या कायद्याने, आपल्या तपासणीच्या रिवाजाने आणि आपल्या लोकशिक्षणाने अद्याप पुरती घेतलेली नाही, हे माझे म्हणणे आहे.

पालट कोणता, हे कळण्यासाठी जुन्या मीटराची रचना आठवून पाहावी. विजेचा व्यापार सुरू झाला तेव्हा एडिसनच्या कंपनीने ग्राहकाकडे जस्ताच्या पट्ट्या बुडविलेले रासायनिक मीटर बसविले होते, आणि ठरावीक मुदतीनंतर त्या पट्ट्यांचे वजन करून किती वीज गेली हे काढले जाई. प्रत्यावर्ती विजेला, म्हणजे सेकंदात कित्येक वेळा दिशा पालटणाऱ्या विजेला, ही युक्ती निरुपयोगी होती. १८८५ साली इटलीतील तुरीन येथे गॅलिलिओ फेरारीस याने फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व दाखवून दिले, आणि त्या तत्त्वावर १८८९ साली बुडापेस्ट येथील गान्झ कारखान्यातील ओट्टो ब्लाथी याने जो मीटर सिद्ध केला, त्याचेच वंशज आपल्या आजोबांच्या घरांपासून कालपरवापर्यंतच्या चाळींतून आणि वाड्यांतून फिरत होते. काचेआड दिसणारी ती ॲल्युमिनियमची तबकडी, एक वेटोळे विजेच्या दाबाचे आणि दुसरे प्रवाहाचे अशा दोहोंच्या संयुक्त क्षेत्रामुळे फिरे, एक कायमचा चुंबक तिला ब्रेक लावी, आणि या दोन बलांचा समतोल असा काही साधला जाई की तबकडीचा वेग त्या क्षणी खर्च होणाऱ्या शक्तीच्या प्रमाणात राही. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार, आणि त्या गुणाकाराची काळानुसार बेरीज, ही दोन्ही गणिते निसर्गनियमच करीत असत. कारखानदाराने ठरविलेली बाब एवढीच, की किती फेऱ्यांना एक युनिट धरावयाचे. धारव्याचे घर्षण वाढले की तबकडी मंदावे, अल्प प्रवाहाला ती हलतही नसे, आणि बाहेरून चुंबक लावून तिला फसविणारेही होते. पण तिच्यात दडून बसण्यास जागा नव्हती. तबकडी फिरताना घरातल्या कोणालाही दिसे.

नव्या मीटरात तबकडीच्या जागी आकडेमोड आली आहे. विजेच्या वाटेत शंट नावाची एक अत्यल्प रोधाची धातूची पट्टी असते, आणि तिच्या दोन टोकांमधला सूक्ष्म दाब मोजून त्यावरून प्रवाहाचे अनुमान करावयाचे असते. हा दाब किती सूक्ष्म, याचा हिशेब केल्याशिवाय या विद्येची महती कळणार नाही. समजा, शंटचा रोध २०० मायक्रोओहम आहे. घरात फक्त पाच वॅटचा एक एलईडी दिवा जळत असेल, तर २३० व्होल्टांवर तो सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह घेतो, आणि शंटवर पडणारा दाब होतो अवघा चार मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टच्या दशलक्षांश भागाची चौपट. त्याच घरात गीझर, इस्त्री आणि पाण्याचा पंप एकदम चालू होऊन प्रवाह ३० अँपिअरवर गेला, तर तोच दाब सहा मिलिव्होल्ट होतो. म्हणजे दीड हजार पटींच्या या विस्तारात, खालच्या टोकाला आणि वरच्या टोकालाही, एकाच साधनाने इमान राखावयाचे असते. अल्प प्रवाहाला नियम थोडी अधिक सूट देतात, हे खरे. पण तो दिवा रात्रभर जळत असतो आणि असे कोट्यवधी दिवे देशात जळत असतात, त्यामुळे ती सूट कोणाच्या तरी खिशातून जातच असते.

इतक्या सूक्ष्म दाबाच्या मोजणीत पहिला अडथळा येतो तो कोलाहलाचा. कोणत्याही रोधकात केवळ त्याच्या उष्णतेमुळे विजेची एक अविरत थरथर चालू असते, हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन याने मोजून दाखविले आणि १९२८ साली त्याच्याच सहकाऱ्याने, हॅरी नाइक्विस्ट याने, तिचा सिद्धान्त मांडला. ही थरथर नाहीशी करता येत नाही. पण ती स्वैर असते, आणि स्वैर गोष्टीचे अनेक नमुने घेऊन सरासरी काढली असता तिचे अधिक-उणे परस्परांना खाऊन टाकते. शंभर नमुन्यांच्या सरासरीत कोलाहल एक दशांश उरतो, दहा हजारांच्या सरासरीत एक शतांश. जपानमध्ये हिरोशी इनोसे आणि यासुहिको यासुदा यांनी १९६२ साली डेल्टा-सिग्मा या नावाने जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात तर एक अत्यंत ओबडधोबड तुलनाकार अतिशय वेगाने केवळ अधिक की उणे एवढेच सांगत राहतो, आणि त्या लक्षावधी ओबडधोबड साक्षींतून गाळण करून एक विलक्षण सूक्ष्म उत्तर काढले जाते. मूळ निबंध दूरमापनासाठी लिहिला गेला होता. आज वीजमीटरांच्या चिपांत ही पद्धत सर्रास वापरली जाते. स्थूल साधनांना गणिताची जोड देऊन सूक्ष्म सत्य काढण्याची ही विद्या, जिला अभियंते सिग्नल प्रोसेसिंग म्हणतात, ती मानवी बुद्धीच्या श्रेष्ठ सिद्धींपैकी एक आहे असे मी निःशंकपणे म्हणेन. मात्र सरासरीने स्वैर दोष जातो. मुळातच एका बाजूला झुकलेला दोष कितीही नमुने घेतले तरी जसाच्या तसा राहतो, ही मर्यादा विसरून चालत नाही.

दुसरा अडथळा याहून फसवा आहे. प्रवाह अखंड वाहतो, आणि मीटर त्याला ठरावीक अंतराने क्षणभर पाहतो. किती वेगाने पाहिले असता काही निसटत नाही, याचे उत्तर नाइक्विस्ट, रशियातील कोतेल्निकोव्ह आणि १९४९ साली क्लॉड शॅनन यांनी दिलेले आहे: लहरीत असलेल्या सर्वाधिक वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने. हा नियम मोडला तर केवळ काही माहिती हुकते असे नाही, तर खोटी माहिती खऱ्याच्या वेषात येते. एखादा परका मनुष्य एका गावी दर गुरुवारीच जात राहिला, आणि त्या गावचा आठवडी बाजार गुरुवारचाच असला, तर त्या गावात रोजच बाजार भरतो असे तो शपथेवर सांगेल, आणि त्याच्या प्रामाणिकपणात काही उणे नसेल. सेकंदाला हजार नमुने घेणाऱ्या मीटराला १,०५० आवर्तनांची लहर हुबेहूब ५० आवर्तनांची भासते. आणि १,०५० ही काही कल्पनेतली संख्या नव्हे, ती आपल्या पन्नास आवर्तनांच्या विजेची एकविसावी पट आहे, जी आजच्या उपकरणांच्या प्रवाहात प्रत्यक्ष आढळते. म्हणून नमुने घेण्यापूर्वी अशा लहरी गाळून टाकणारी चाळणी बसवावी लागते. ती बसविलेली आहे की नाही, असल्यास किती आवर्तनांवर, हे मीटराच्या पेटीवर कोठेही लिहिलेले नसते.

तिसरी गोष्ट वेळेची. शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा त्याच क्षणीचा गुणाकार. यांपैकी एकाचा नमुना किंचित उशिरा घेतला गेला तर गुणाकार बिघडतो. पंख्याच्या किंवा पंपाच्या मोटरीत प्रवाह दाबाच्या मागे राहतो. हे अंतर साठ अंशांचे असेल, म्हणजे पॉवर फॅक्टर अर्धा असेल, तर दोहोंच्या मोजणीत केवळ एका अंशाच्या दशांशाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी साडेपाच भागांची, चूकही युनिटांत सुमारे ०.३ टक्क्यांची चूक घडविते. हाच मीटर साध्या तापणाऱ्या बल्बावर तपासला तर ही चूक दिसणारही नाही. ज्या भारावर मीटर वापरला जाणार त्याच प्रकारच्या भारावर तो तपासला पाहिजे, हा माझा आग्रह केवळ तात्त्विक नाही, तो अशा हिशेबांतून आलेला आहे.

आता जी गोष्ट मला सर्वांत अधिक बोचते तिच्याकडे वळतो. आपल्या घरांतील विजेची लहर आता पूर्वीची गुळगुळीत लहर उरलेली नाही. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, संगणक, इन्व्हर्टर एसी, ही सारी उपकरणे प्रवाह सलगपणे घेत नाहीत. ती तो लचके तोडल्यासारखा, लहरीच्या माथ्यावर क्षणभर घेतात आणि बाकीचा वेळ स्वस्थ राहतात. अशा लहरीच्या पोटात १५०, २५०, ३५० अशा आवर्तनांच्या लहरी असतात. कोणत्याही आवर्ती लहरीचे असे पृथक्करण करता येते हे फ्रान्समधील जोसेफ फुरिए याने उष्णतेच्या वहनाचा विचार करताना १८२२ च्या आपल्या ग्रंथात मांडले, आणि ते पृथक्करण यंत्राकडून झपाट्याने करविण्याची कूली आणि ट्यूकी यांची रीत १९६५ ची आहे. विद्या तर दोनशे वर्षांची जुनी आहे. पण आपल्या बाजारात मिळणारे स्वस्त क्लॅम्प मीटर अजूनही प्रवाहाची सरासरी काढून तिला १.११ ने गुणतात, जे गणित केवळ गुळगुळीत लहरीला लागू पडते; चौकोनी लहरीला ते ११ टक्के अधिक सांगते, आणि एलईडी-संगणकांच्या टोकदार प्रवाहाला तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत कमी. तीन फेजांच्या इमारतीत या १५० आवर्तनांच्या लहरी न्यूट्रलमध्ये एकमेकींना खोडत नाहीत, त्या एकमेकींत मिळतात, आणि न्यूट्रलचा प्रवाह फेजच्या प्रवाहाहूनही अधिक होऊ शकतो. वायरमनच्या हातातला मीटर प्रवाह कमी दाखवितो, तो त्यावर विसंबून तार निवडतो, आणि ती तार तापत राहते. येथे प्रश्न बिलाचा नाही, आगीचा आहे. आयटीआयमध्ये शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती ट्रू आरएमएस, म्हणजे लहरीचा आकार कोणताही असो तिचे खरे प्रभावी मूल्य मोजणारा, मीटर असला पाहिजे आणि तो का लागतो हे त्याला मराठीत समजावलेले असले पाहिजे. यासाठी होणारा खर्च एका जळालेल्या दुकानाच्या किमतीपुढे काहीच नाही.

बिलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात फ्रँक लेफरिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर घेऊन त्यांच्यावर डिमर लावलेले एलईडी आणि सीएफएल दिवे चालविले, आणि २०१७ च्या आरंभी त्यांचे निष्कर्ष जगापुढे आले तेव्हा मोठी खळबळ उडाली. कारण नवांपैकी पाच मीटरांनी खऱ्या वापराहून पुष्कळ अधिक नोंद केली होती, त्यातली कमाल चूक ५८२ टक्क्यांची होती, आणि दोन मीटरांनी सुमारे तीस टक्के कमी नोंद केली होती. यातले मर्म असे की, ते मीटर सदोष म्हणून बाजारातून निवडलेले नव्हते. ते प्रचलित मानकांत बसणारे होते. चूक प्रवाह मोजणाऱ्या भागात शिरली होती: रोगोव्स्की नावाचे वेटोळे प्रवाह न मोजता त्याच्या बदलाचा वेग मोजते, आणि डिमरमुळे प्रवाह क्षणार्धात उसळला की त्या वेटोळ्याकडून येणारा संकेत पुढील मंडलाच्या आवाक्याबाहेर जातो. प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, प्रयोगातील भार टोकाचे होते, आणि आपल्याकडील घरगुती मीटरांत बहुधा शंट आणि सीटी, म्हणजे प्रवाह-रोहित्र, वापरतात, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्या बिलावर आणून आदळणे अन्यायाचे होईल. पण त्या प्रयोगाने जे सिद्ध केले ते सर्व देशांना सारखेच लागू आहे: मानकाची परीक्षा ज्या लहरीवर घेतली जाते ती आणि ग्राहकाच्या घरातली लहर यांत अंतर पडले, तर उत्तीर्ण झालेला मीटरही खोटे सांगू शकतो.

मीटर आता केवळ मोजत नाही, तो नियमही लावतो, याचा एक पुरावा आपल्याच देशातला आहे. बाहेरून प्रबळ चुंबक लावल्याचे आढळले तर प्रत्यक्ष प्रवाह काहीही असो, कमाल प्रवाह वाहत आहे असे धरून नोंद करावयाची, अशी तरतूद आपल्याकडील काही मीटरांत असते. चोरीला आळा घालण्याच्या दृष्टीने तिचे समर्थन करता येईल. पण त्या क्षणी पडद्यावर चढणारा आकडा हे माप नसते, तो दंड असतो, आणि हा दंड ठोठावणारा कायदा चिपमधल्या आज्ञावलीत लिहिलेला असतो. स्मार्ट मीटरांची आज्ञावली तर दुरून बदलण्याचीही सोय आहे. पूर्वी मीटराचे सील तोडल्याशिवाय त्याची मोजणी बदलता येत नसे. आज सील शाबूत असताना मोजणीची रीत बदलू शकते. असे घडते, असा आरोप मी करीत नाही. पण घडू शकते, तेथे त्याची नोंदवही असली पाहिजे, आणि ती ग्राहकास पाहावयास मिळाली पाहिजे. एवढे मागणे अवाजवी नाही.

कारखानदारांच्या बाबतीत तर व्याख्येवरच लाखोंचा हिशेब अवलंबून आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रातील उच्चदाब ग्राहकांची आकारणी किलोवॅट-तासांऐवजी केव्हीएएच (किलोव्होल्ट-अँपिअर-तास) या एककावर होऊ लागली. लहर गुळगुळीत असेल तर या राशीचा अर्थ निर्विवाद आहे. लहर वेडीवाकडी झाली की मात्र तिच्या घटकांची विभागणी कशी करावी याविषयी रुमानियाचे बुदेआनू यांनी १९२७ साली एक मत मांडले, पोलंडचे फ्रिझ यांनी १९३२ साली दुसरे, आणि अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने २००० साली प्रायोगिक आणि २०१० साली पक्के म्हणून आपले १४५९ क्रमांकाचे मानक काढले. तीन फेजांची बेरीज अंकगणिताने करावी की सदिशांच्या रीतीने, यावरही उत्तर पालटते. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला किंवा चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्याला येणारे बिल यांपैकी कोणत्या सूत्राने काढलेले आहे, हे त्याला विचारून पाहावे. तो मीटरचा क्रमांक सांगेल, सूत्र सांगू शकणार नाही. ज्या सूत्राने पैसे घ्यावयाचे ते सूत्र घेणाऱ्याने देणाऱ्यास सांगितले पाहिजे, हा साध्या व्यवहाराचा दंडक आहे, आणि तो येथे पाळला जावा एवढेच मी म्हणतो.

गाळणी ही दुधारी असते, हे विजेच्या बिलापलीकडे जाऊन एका उदाहरणाने सांगणे मला आवश्यक वाटते. हृदयाचा विद्युत-आलेख काढताना खोलीतल्या पन्नास आवर्तनांच्या विजेची गुणगुण आणि श्वासामुळे होणारी आधाररेषेची हालचाल गाळून टाकावी लागते. केवळ नाडीवर लक्ष ठेवावयाचे असेल तर अर्ध्या आवर्तनाखालचे सारे गाळले तरी चालते, आणि पडद्यावर रेषा सुरेख स्थिर दिसते. परंतु निदानासाठी ती मर्यादा ०.०५ आवर्तनांपर्यंत खाली न्यावी लागते, कारण अधिक गाळले असता आलेखाचा नेमका तोच भाग, ज्यावरून हृदयविकाराचा झटका ओळखतात, तो विकृत होऊ शकतो. सुरेख दिसणारे माप आणि यथार्थ माप यांतला हा भेद डॉक्टरांनी आणि यंत्रे विकत घेणाऱ्या रुग्णालयांनी नित्य ध्यानी ठेवावा. गाळताना काय फेकले गेले, याचा जबाब प्रत्येक मापनाला देता आला पाहिजे.

आता करावयाचे काय? भारतीय मानकांत घरगुती मीटराची अचूकता बहुधा एक टक्क्याच्या वर्गाची असते, आणि हा वर्ग विहित परिस्थितीतील परीक्षेवर ठरतो. त्या परीक्षेत आपल्या प्रत्यक्ष घरांतल्या लहरी आल्या पाहिजेत: पुण्याच्या सोसायटीतल्या इन्व्हर्टर एसीची, विदर्भातल्या शेतपंपाची, कोकणातल्या दूरच्या वाडीवर दाब घसरल्यावर चालणाऱ्या एलईडीची, सौरपट्ट्यांच्या घरात दुपारी उलट वाहणाऱ्या प्रवाहाची. अशा लहरी नोंदवून त्यांचा संग्रह खुला करणे आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना सहज शक्य आहे. मापनसाधनांसाठीच स्थापन झालेली संस्था मुंबईत चुनाभट्टीला आहे, आणि राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा दिल्लीत देशाची मूळ मापे सांभाळीत आहे. खरेदीच्या निविदेत नमुन्यांचा वेग, चाळणीची मर्यादा आणि केव्हीएएचचे सूत्र जाहीर करण्याची अट घालणे हे नियामक आयोगाच्या अधिकारातले काम आहे. आज्ञावलीची आवृत्ती आणि तिच्या अखेरच्या बदलाची तारीख बिलावर छापण्यास तर कागदाचा अधिक खर्चही येत नाही. आणि मीटराची तपासणी ज्याने मीटर बसविला त्याच्याच प्रयोगशाळेत संपू नये. जिल्ह्याच्या ठिकाणी, शासकीय तंत्रनिकेतनात, स्वतंत्र तपासणीची सोय असावी, म्हणजे ग्राहकाला मुंबई-पुण्याची वाट धरावी लागणार नाही.

तोवर वाचकांनी दोन गोष्टी अवश्य कराव्यात. मीटराच्या दर्शनी भागावर एका युनिटाला किती स्पंदने हे लिहिलेले असते, आणि लाल दिवा त्या प्रत्येक स्पंदनाला एकदा लुकलुकतो. तेथे ३२०० हा आकडा असेल, तर घरातले बाकी सारे बंद करून एक हजार वॅटची इस्त्री किंवा हीटर चालू ठेवल्यास तो दिवा मिनिटाला सुमारे ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. दाब कमी-अधिक असल्यास थोडा फरक पडेल, पण ७० किंवा ३५ आल्यास तक्रारीला जागा आहे. हा ठोकताळा वेड्यावाकड्या लहरीचा दोष दाखविणार नाही. त्यासाठी दुसरा मार्ग कायद्याने दिला आहे. ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, मीटराचे वाचन वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यास वितरण कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर बसवावयाचा आहे आणि तो किमान तीन महिने ठेवावयाचा आहे. तो मीटर आपल्याच घरातल्या लहरीवर, आपल्याच एसी आणि दिव्यांवर चालतो. म्हणून प्रयोगशाळेच्या दाखल्यापेक्षा मी त्याला अधिक मोल देतो. मात्र तो जादा मीटर वेगळ्या बनावटीचा असावा असा आग्रह धरा, अर्ज लेखी द्या, आणि त्याची तारीखवार पोच घेतल्याशिवाय कचेरीतून परतू नका.